सूपभर कोंडा

याकोब आमोसला दोन नावं होती आणि त्यांतल्या एकाची त्याला मनस्वी लाज वाटायची. याकोब हे नाव चर्चच्या वहीत होतं, फौजेच्या कागदांवर होतं, पाटबंधारे खात्याच्या हजेरीपटावर होतं. दुसरं कुठंच लिहिलेलं नव्हतं, तरी अख्ख्या कोल्हारला ते पाठ होतं. उकिर्डा.

असलं नाव कुणी हौसेनं ठेवत नाही. याकोबची आई राहीबाई, तिची चार लेकरं ओळीनं गेली होती. पाचव्या खेपेला हा झाला, तेव्हा ती नुकतीच ख्रिस्ती झाली होती आणि पाळकांनी बजावलं होतं, जुने चाळे आता बंद. राहीबाईनं मान डोलावली, आणि अकराव्या दिवशी भर दुपारी पोर नेऊन वस्तीमागच्या उकिरड्यावर ठेवलं. पाठ फिरवली आणि मागं न बघता घरी आली. आधी ठरल्याप्रमाणे तिची चुलतजाऊ लंकाबाई तिथं गेली. ती काही ख्रिस्ती झाली नव्हती, आणि तिचं एकही लेकरू दगावलं नव्हतं. तिनं पोर सुपात घातलं, आपल्या घरी नेलं. दिवस कलताना राहीबाई सूपभर कोंडा घेऊन तिच्या दारात उभी राहिली. कोंडा दिला, पोर घेतलं. ज्याला आईबापांनी टाकलं, जे कोंड्याच्या मोलाचं, ते मरण तरी कशाला उचलील? गावोगावचे दगडू, धोंडू, केरू, कोंडाजी असेच जगले. हाही जगला.

"म्हातारे, लेकरं किती?" असं कुणी विचारलं की राहीबाई म्हणायची, "एकच. त्यो बी उकिरड्यावर घावलेला."

तिला त्यात अभिमान होता. पोराच्या जिवाला मात्र तो फुकटचा ताप झाला. शाळेत पोरं त्याच्या पाटीवर शेणाचा गोळा ठेवायची. बाप आमोस लवकर वारला, मग नाव बदलून मागायचं तरी कुणाकडं? बेचाळीस साली नगरला फौजेची भरती सुरू झाली. कारकुनानं नाव विचारलं. हा म्हणाला, "याकोब आमोस." कारकुनानं मान वर न करता लिहून घेतलं. हसला नाही, काही नाही. याकोबला वाटलं, आपण आज जन्मलो. घरी नवी नवरी होती, दयाबाई, तिला दिवस गेले होते. पण गडी तरातरा निघाला तो थेट बर्माच्या जंगलात.

उंचीला बेताचा, खांद्यानं रुंद, म्हणून त्याला जखमी उचलायच्या कामावर घातलं. तीन वर्षं त्यानं तेच केलं. उचलायचं, आणायचं, तंबूत ठेवायचं, पुन्हा जायचं. गोळी झाडायची वेळ त्याच्यावर एकदाही आली नाही. आपण मेलेलं कुणी मागं सोडलं नाही, जितं तर नाहीच, असं तो सांगायचा. पंचेचाळीस सालापर्यंत ते खरंही होतं.

त्या साली उन्हाळ्यात एक जपानी कैदी तंबूत आला. दोन्ही पाय घोट्यापासून चिंध्या झालेले, अंगात ताप. खाईना, बोलेना, कनातीकडं तोंड करून पडून राही. चौथ्या दिवशी एक गोरा दुभाषा त्याचं नाव लिहून घ्यायला आला. याचं लहानपण जपानातच गेलेलं, हिंदुस्थानीही फर्डी बोलायचा. त्यानं नाव विचारलं, कैद्यानं सांगितलं आणि दुभाष्याला हसू आलं. "सुतेकिची," तो याकोबला म्हणाला. "सुते म्हणजे टाकून दिलेला. किची म्हणजे चांगल्या नशिबाचा. टाकून दिलेला, नशीबवान!"

याकोबच्या हातात पेजेचं भांडं होतं. ते त्यानं खाली ठेवलं.

"साहेब, असं नाव का?"

दुभाष्यानं कैद्याला विचारलं. कैदी तुटक तुटक बोलू लागला, आणि दुभाषा सांगत गेला. यांच्याकडं म्हणे आधीची पोरं जगली नसली, किंवा बापाचं वर्ष वाईट चाललेलं असताना पोर झालं, तर ते नेऊन गावाबाहेर फाट्यावर ठेवतात. आईबाप मागं न बघता घरी जातात. मग ठरलेली शेजारीण सूप आणि झाडू घेऊन येते, केर लोटावा तसं पोर सुपात लोटते आणि घरी नेते. आईबाप मग काहीतरी देऊन ते परत आणतात, आणि नाव ठेवतात सुते. ही चाल जुनी आहे, मोठमोठ्या सरदारांनीसुद्धा आपल्या पोरांना अशी नावं ठेवली. जिनं उचललं ती जन्मभराची दुसरी आई.

"याच्या वेळी मात्र," दुभाषा म्हणाला, "ती बाई वेळेवर आलीच नाही. हा दुपारभर फाट्यावर एकटा पडून होता. आईनं सांगितलंय याला. तेव्हापासून फाटा दिसला की हा पळत सुटतो. झोपेत म्हणतो ना काहीतरी? 'हिरोत्ते, हिरोत्ते.' उचल, मला उचल."

तीन वर्षं पोटात लपवलेली गोष्ट याकोबच्या तोंडून आपोआप बाहेर आली. "साहेब, त्याला सांगा, मी पन टाकलेला हाय. उकिरड्यावर. सूपभर कोंड्याला परत घेतला मला."

दुभाष्यानं सांगितलं. कैद्यानं कनातीकडचं तोंड फिरवलं, याकोबला नीट न्याहाळलं, आणि तो पोट धरून हसला. मग रडला. त्या दिवसापासून तो याकोबच्या हातचं खाऊ लागला. कमरेला त्याच्या एक पांढरा पट्टा होता, तांबड्या दोऱ्याच्या बारीक गाठींनी भरलेला. हजार बायकांनी एकेक गाठ मारून दिलेला, पोरगा जिता परत यावा म्हणून. रोज तो याकोबला त्यातली एक गाठ दाखवायचा. ती आईची.

पंधरवड्यानं तळ हलवायचा हुकूम आला. गाड्या कमी, जखमी फार. याकोबनं सुतेकिचीला पाठीवर घेतलं आणि रस्त्याकडं निघाला. वाटेत हवालदार ओरडला, आपली माणसं तंबूतच आहेत, आधी ती काढ. याकोबनं त्याला जिथं होता तिथं उतरवलं. दोन रस्ते जिथं फुटत होते त्याच जागी, एका झाडाखाली. त्याच्या ध्यानात आलं नाही असं नव्हे. ध्यानात आलं होतं.

सुतेकिचीनं भोवती बघितलं आणि त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं. त्यानं कमरेचा पट्टा सोडला, याकोबच्या हातात कोंबला आणि दोन्ही हात वर केले. "हिरोत्ते."

"येतो," याकोब म्हणाला. "आत्ता आलो."

तंबूतली माणसं काढता काढता शेवटची गाडी लागली. याकोब म्हणाला, "फाट्यावर अजून एक हाय." हवालदारानं विचारलं, "कोण?" याकोब गप्प बसला. जपानी म्हणायचा त्याला धीर झाला नाही. हवालदार म्हणाला, "चल, चढ." तो चढला. गाडी त्याच फाट्यावरून गेली. झाडाखाली सुतेकिची बसलेला होता. गाडी दिसताच त्यानं दोन्ही हात वर केले आणि वरच धरले. याकोबनं मान खाली घातली. एवढंच त्यानं केलं. पण माणसाला जन्मभर पुरायला एवढं फार होतं.

शेहेचाळीस साली तो घरी आला. पट्टा ट्रंकेच्या तळाशी घातला, कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. थोरला मुलगा, ज्याला त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं, तो आदल्या उन्हाळ्यात गेल्याचं त्याला पत्रानं कळलं होतं. कसा गेला ते दयाबाईनं आता सांगितलं.

"दुपार हुती. ताप न्हाई, काय न्हाई. दाराकडं बगितलं आन् दोनी हात वर केलं. उचला म्हनल्यावानी. मी उचलस्तवर सपलं हुतं." मग ती म्हणाली, "अवं, घेरी आली का? बसा खाली."

पुढं काय झालं ते कोल्हारात कुणालाही विचारा. याकोब पाटबंधारे खात्यात पाटकरी झाला. पाटापासून फुटणाऱ्या चाऱ्यांना पाळीप्रमाणे पाणी सोडायचं काम. माणूस मन लावून करायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सत्तेचाळीस साली मुलगी झाली. बाराव्या दिवशी दुपारी गेली. अठ्ठेचाळीस साली मुलगा झाला. बाराव्या दिवशी दुपारी गेला. दोन्ही वेळा याकोब पाळण्यापाशी होता. दोन्ही वेळा त्यानं पाहिलं. बारा दिवसांचं लेकरू, मान धरता येत नाही, आणि हात मात्र ताठ वर, दोन्ही सारखे, तळवे उघडे. डोळे दाराकडं. दारात कुणी नसायचं. फक्त ऊन.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. योहान मास्तर, वस्तीतले शिक्षक आणि उपदेशकही तेच, म्हणाले प्रार्थना कर. त्यानं गुडघे सोलवटेपर्यंत केली. पण डोळे मिटले की फाटाच दिसायचा. प्रार्थनेला धड शब्द सुचेनात.

एकोणपन्नासच्या वैशाखात दयाबाई चौथ्यांदा बाळंत झाली. मुलगा. आणि आठव्या दिवशी लंकाबाई बाळंतिणीला डिंकाचे लाडू घेऊन आली, ती ओसरीवर टेकत याकोबला म्हणाली, "काय रं उकिर्ड्या, तुज्याकडं पाव्हना यायचाय का कुनी?"

वस्तीत हे नाव तोंडावर घ्यायची मुभा तिला एकटीला होती. तिनं कोंडा घेतला होता त्याचा.

"न्हाई, लंकामाय. का?"

"तितं मोट्या सडकंला, आपला फाटा फुटतो न्हवं, मैलाच्या दगडाला टेकून बसलाय. काल बी हुता, आज बी. भर दुपारचा. पायाला फडकी गुंडाळल्यात. नाकाडोळ्यानं आपल्याकडचा न्हाई वाटत. मी म्हनलं, बाबा, कुनाकडं जायाचं? तर बोलंना. निस्तं हात वर केलं."

याकोब तसाच अनवाणी नगर-मनमाड सडकेपर्यंत पळत गेला. फाट्यावर मैलाचा दगड होता, बाभळीची सावली होती. माणूस नव्हता. दगडाला हात लावला. दुपारच्या उन्हात तापून लाल व्हावा तो दगड माठासारखा गार होता. याकोब तिथं थांबला नाही. सांगायला लाज वाटते, पण तो घाबरून परत पळाला.

त्या संध्याकाळी राहीबाईनं विषय काढला. "आता माझं ऐका. पोराला उकिरड्यावर ठिवू. लंका उचलील."

"न्हाई," याकोब म्हणाला. "माझं नाव माझ्या लेकराला नगं. मला ठावं हाय ते कसं जाळतंय."

"नावानं कुनी मेला का?" राहीबाई म्हणाली. "तू जगलास त्या नावावर."

तो ऐकेना. तेव्हा आतून, बाजेवरून, दयाबाई बोलली. तिचा आवाज चढला नाही. "नाव कितीबी वंगाळ असू द्या. हाक मारायला पोर तर पायजे."

याकोबनं मान खाली घातली. मग म्हणाला, "ठीक हाय."

योहान मास्तरांना कळू द्यायचं नाही असं ठरलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी अख्ख्या वस्तीला कळलं. मास्तरांनी अडवलं नाही. त्यांनीच मागच्या दोन लेकरांच्या पेट्या मातीत उतरवल्या होत्या.

अकरावा दिवस उजाडला. लंकाबाईला सांगून ठेवलं होतं, सूर्य डोक्यावर आला की निघायचं. तिचं घर चारीच्या पलीकडं. चारी कोरडी असली की उतरून येणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. आणि इथं घोटाळा झाला, तोही असा की दुसऱ्या कुणाला करता येणार नाही. त्या दिवशी त्याच चारीची पाळी होती. याकोब सकाळी कामावर गेला, मन थाऱ्यावर नव्हतं, सवयीनं त्यानं चारीच्या दाराची फळी उचलली आणि पाणी सोडून घरी आला. लंकाबाईची वाट आपण बुडवतोय हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. ती सूप घेऊन काठावर आली तो चारी छातीभर वाहत होती. बिचारी खालच्या फरशीपुलावरून वळसा घालून निघाली. अर्धा कोस.

इकडं राहीबाईनं नातू सुपात घातला, उकिरड्यावर ठेवला. दयाबाई नवऱ्याच्या आधारानं तिथवर आली होती. तिघांनी पाठ फिरवली. मागं बघायचं नाही. घरी येऊन दार लोटलं आणि बसले. बाहेर वाऱ्याची झुळूक नव्हती. कोंबड्या गप्प, कुत्री गप्प. मग तिघांनाही ऐकू आलं: बाहेर कुणीतरी झाडत होतं. खर्र, खर्र, सावकाश, लांब लांब हातानं. आवाज उकिरड्याकडून निघाला आणि सडकेच्या दिशेनं गेला.

"लंका आली," राहीबाई म्हणाली.

पण लंकाबाई आली ती बऱ्याच वेळानं, धापा टाकत, रिकामं सूप हातात घेऊन थेट दारातच. "पोर कुटं हाय? तुमी ठिवलंच न्हाई व्हय?"

दयाबाईच्या तोंडून जो आवाज निघाला तो वस्तीतल्या बायकांना पुढं कित्येक दिवस झोपेत ऐकू आला. सगळे उकिरड्याकडं पळाले. उकिरडा रिकामा. कुत्र्याचा माग नाही, माणसाचं पाऊल नाही. फक्त उकिरड्यापासून एक पट्टा झाडलेला होता, हातभर रुंद, धुळीत खराट्याच्या रेघा एकसारख्या. बांधावरून, पायवाटेवरून तो सरळ सडकेकडं गेला होता.

याकोबला सांगावं लागलं नाही. सूप आणि झाडू. तो त्या झाडलेल्या वाटेच्या कडेनं पळाला, तिच्यावर पाय द्यायचा त्याला धीर झाला नाही.

फाट्यावर मैलाच्या दगडापाशी सूप होतं. सुपात लेकरू होतं. जितं होतं, झोपलेलं होतं. त्याच्या अंगाभोवती एक पांढरा पट्टा गुंडाळला होता, तांबड्या गाठींचा. याकोबनं करदोटा चाचपला. किल्ली जागेवर होती.

मागून दयाबाई आली आणि पोरावर झेपावली, तोच लंकाबाईनं तिचा दंड धरला. "हात लावू नगं! मी न्हाई उचललं त्येला. दुसऱ्या कुनी उचललंय. ज्यानं उचललं त्येचं हाय पोर, त्येच्याकडनं घ्यावं लागतंय." तिनं भोवताली बघितलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "कुनाकडनं घ्यायचं, उकिर्ड्या? कोंडा कुनाला द्यायचा?"

लेकरानं डोळे उघडले. दगडाकडं बघितलं. आणि त्याचे दोन्ही हात हळूहळू वर जाऊ लागले.

याकोब आता पळाला नाही. भीती होतीच. पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. तो दगडासमोर गेला. दगडाला टेकून कुणी बसलेलं असावं इतक्या अंतरावर थांबला. हात जोडले.

"मी गप बसलो," तो म्हणाला. त्या माणसाला मराठी कळणार नव्हती, पण दुसरी भाषा याला येत नव्हती. "इचारलं तवा मी गप बसलो. गाडी तुझ्याम्होरनं गेली आन् मी मान खाली घातली. येतो म्हनलो, आलो न्हाई. माझ्या लेकरांनी काय केलंय? आता उचलतो तुला. तू माझं पोर सोड."

तो वळला, दगडाकडं पाठ करून गुडघ्यात वाकला आणि दोन्ही हात मागं नेले. जखमी माणसाला पाठीवर घ्यायची जशी रीत, तसा. शेकडो वेळा तो तसा वाकला होता.

बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या गळ्याभोवती काहीतरी गार आलं. आणि ओझं बसलं. याकोबचा एक गुडघा जमिनीला टेकला, त्यानं दात खाऊन तो उचलला. मानेवर श्वास लागत होता. ओल्या पट्ट्यांचा, औषधाचा वास नाकात भरला, चार वर्षांपूर्वीचा, तोच.

सुपातल्या लेकरानं हात खाली घेतले आणि भोकाड पसरलं. लंकाबाईनं दयाबाईचा दंड सोडला. "घे," ती म्हणाली. "आता घे."

भर दुपारी वस्तीनं ते पाहिलं. याकोब आमोस कमरेत वाकून, हात पाठीमागं एकमेकांत अडकवून, पावलापावलाला थांबत येत होता. पाठीवर काही नव्हतं. पण धुळीत त्याची पावलं उमटत होती ती पोतं वाहणाऱ्याची, टाच खोल रुतलेली. कुणी हसलं नाही. योहान मास्तर शाळेच्या दारात उभे होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तो पुढं जाईपर्यंत तसेच राहिले.

राहीबाई घरी परतून दारात उभी होती. तिनं लेकाकडं बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं. काय दिसलं ते तिनं कधी सांगितलं नाही.

"कोन हाय?"

"टाकलेला हाय, आये. बर्मामधी, फाट्यावर. मीच टाकला."

"आन् तूच उचलून आनला?"

"व्हय."

"त्येची आय?"

"लई लांब. समिंदराच्या पल्याड."

"तिला ठावं हाय?"

"न्हाई," याकोब म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. "तिला वाटत आसंल येतोय. गाठ मारून दिलीया तिनं."

राहीबाई आत गेली. नातवासाठी सकाळीच काढून ठेवलेलं कोंड्याचं दुसरं सूप घेऊन आली. पदर नीट केला आणि उंबऱ्याबाहेर येऊन याकोबसमोर उभी राहिली, तीस वर्षांपूर्वी लंकाबाईच्या दारात उभी राहिली होती तशी.

"ह्यो कोंडा घे," ती म्हणाली. "तिला यायला जमायचं न्हाई. तिच्या वतीनं मी देते." सूप तिनं त्याच्या पायांशी ठेवलं. "नाव काय लेकराचं?"

"सुतेकिची."

"काय म्हंजी?"

"टाकलेला. पर नशिबाचा."

"मंग आपल्यातलाच की," राहीबाई म्हणाली. तिनं दोन्ही हात पुढं केले, याकोबच्या खांद्यावरून पलीकडं. "ये सुत्या. ये माज्या बाळा. लई उशीर झाला रं. चल घरात."

याकोबच्या गळ्याभोवतीचा गारवा सुटला. ओझं उतरलं, तेही झटक्यात नव्हे. झोपलेलं पोर आईनं काढून घ्यावं तसं, हळूच. तो तिथंच उंबऱ्याशी बसला आणि पाठ मोकळी झाली तरी किती वेळ त्याला सरळ होता येईना. राहीबाई हात तसेच छातीशी धरून आत गेली होती.

ट्रंक उघडली तेव्हा कुलूप शाबूत होतं आणि तळाशी नुसता कडुनिंबाचा पाला होता. पट्टा पाळण्याला बांधला. कोंडा रीतीप्रमाणे उचलणाऱ्याचा, म्हणून याकोबनं तो आपल्या शेळीला घातला.

बारावा दिवस आला. दुपारी सगळं घर पाळण्याभोवती श्वास रोखून बसलं. लेकरू दूध पिऊन झोपलं, दिवस कलल्यावर उठलं आणि पुन्हा दूध मागू लागलं. दयाबाईला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं. फाट्यावरचा माणूस पुन्हा कुणाला दिसला नाही, आणि मैलाचा दगड इतर दगडांसारखा उन्हात तापू लागला.

बाप्तिस्म्याला योहान मास्तरांनी वहीत आमोस याकोब असं लिहिलं, आजाचं नाव. घरात मात्र तो सुत्या. नाताळापर्यंत सुत्या भिंतीला धरून उभा राहू लागला. लंकाबाई आली की दारातूनच ओरडायची, "उकिर्ड्या, हायस का घरात?" आणि याकोब चार लोकांत मोकळेपणानं ओ द्यायचा.

राहीबाईला कुणी नव्यानं भेटलेलं अजून विचारायचं, "म्हातारे, लेकरं किती?"

"दोन," ती म्हणायची. "दोनी घावलेलीच हायत."